आजोबांच्या रॅलेचा मागचा ब्रेक ओळखून द्या (आणि लागत का नाही, तेही सांगा)

मिरजकर_नातू
शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार.

मिरजेच्या घराचं छप्पर उतरवताना माळ्यावरून आजोबांची रॅले खाली आली. आजोबा रेल्वेत होते. सायकल १९५५-५६ च्या सुमारास मुंबईहून आणली असं बाबा सांगतात. पुढे बगळ्याची पाटी, चेनच्या चक्रात तीन बगळ्यांची डोकी, काळा रंग, सोनेरी रेघा अजून बऱ्यापैकी शाबूत. टायर-ट्यूब नवे घातले, चेन रॉकेलमध्ये बुडवून धुतली. इथवर जमलं. घोडं पेंड खातंय ते ब्रेकपाशी.

पुढचा ब्रेक कळतो. उजवं लिव्हर दाबलं की दांड्या वर ओढल्या जातात आणि रबरं रिमला पोटाकडून लागतात. आपल्याकडच्या जुन्या हर्क्युलिस-ॲटलसला असतात तसेच. मागे मात्र रबरंच नाहीत! चाकाच्या मध्यावर डाव्या अंगाला वाटीएवढा लोखंडी डबा आहे, त्यातून एक चपटी पट्टी पुढे येऊन खालच्या चिमट्याला बांधलेली आहे.

गल्लीतल्या मिस्त्रीकडे नेली होती. त्याने चेन ताणली, काहीतरी घट्ट केलं. आता मागचं चाक हाताने फिरवलं तर दीड फेरीत थांबतं, पण चालवताना लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबलं तरी सायकल थांबत नाही. शिवाय चालवायला इतकी जड की सपाट रस्त्यावरही चढ चढतोय असं वाटतं. बाबा म्हणतात आजोबा हिच्यावरून सांगलीला जाऊन यायचे. आजोबा पैलवान नव्हते.

फोटो जोडलेत.


उलटा_पेडल
शनिवार, रात्री १०:४०

सोपं आहे. ती पट्टी म्हणजे कोस्टर ब्रेकची खूण. पेडल उलटं मारून बघा, चाक जाम होईल. मी जर्मनीत आखेनला शिकत असताना जुन्या बाजारातून घेतलेल्या सायकलला श्वाइनफुर्टच्या फिश्टेल उंड साक्सचं टॉर्पेडो हब होतं, अगदी अशीच पट्टी. पहिल्या दिवशी सवयीने पेडल मागे फिरवलं आणि सिग्नलवर सगळ्यांदेखत आडवा झालो.


खुसपटराव
शनिवार, रात्री ११:०५

चार फोटोंपैकी दोन अंधारात, एकात फक्त मांजर. आणि १९५५ ची रॅले कशावरून? आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होताच की. आजोबांच्या वस्तू दर पिढीला दहा वर्षांनी जुन्या होतात.


मिरजकर_नातू
शनिवार, रात्री ११:२०

मांजराबद्दल क्षमस्व, ते आमचंच. पाटीवर नॉटिंगहॅम, इंग्लंड असं स्पष्ट वाचता येतं.
@उलटा_पेडल, पेडल उलटं मारलं, नुसतंच फिरतं. काही होत नाही.


आटे_गेले
रविवार, सकाळी ६:१५

उलटा पेडल दादा, घाई केलीत. हातावरचं डावं लिव्हर मग कशाला दिलंय, शोभेला? त्याची दांडी कुठे जाते ते बघायचं होतं.

जुना ब्रेक ओळखायचा तर लिव्हरकडे नंतर बघायचं. आधी बघायचं की घासतं कुठे. टायरवर वरून चमचा दाबला जात असेल तर तो सगळ्यात जुना प्रकार, हवेचे टायर यायच्या आधीपासूनचा, आता फक्त संग्रहात दिसतो. रिमच्या पोटाला रबर लागत असेल तर आपला रॉड ब्रेक. रिमच्या गालाला लागत असेल तर कॅलिपर, मग तो एका बाजूने ओढणारा असो की मधून. रिमला काहीच लागत नसेल तर जे काय आहे ते हबात. हबातलेही दोन: पेडलने लागणारा आणि हाताने लागणारा. पट्टी दोघांनाही असते. हाताच्या ब्रेकला त्या पट्टीशिवाय आणखी एक छोटा दांडा हबातून बाहेर आलेला असतो आणि त्याला दांडी किंवा वायर जोडलेली असते.

दांडी दिसली म्हणून ब्रेक रॉडचा आणि वायर दिसली म्हणून कॅलिपर, असं धरू नये. बाउडन वायरचं पेटंट १८९६ चं, आणि सुरुवातीचे बाउडन ब्रेक वायरने ओढून रबर रिमच्या पोटालाच लावायचे. म्हणजे दिसायला वायर, काम रॉड ब्रेकचं. तुमच्याकडे उलट आहे. दिसायला रॉड, काम ड्रमचं, म्हणजे हबातल्या डब्याला आतून घासणाऱ्या ब्रेकचं.


सुटे_भाग
रविवार, सकाळी ९:३०

आटे_गेले काकांशी सहमत, ड्रमच आहे. मिरजकर, एक करा. हबची टाकी रॉकेलच्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि टॉर्च तिरपी धरून बघा, अक्षरं कोरलेली सापडतील. सरळ उजेडात दिसत नाहीत. आणि उजव्या बाजूच्या नटातून बारीक साखळी बाहेर आलीय का तेही बघा.


मिरजकर_नातू
रविवार, दुपारी १२:०२

सापडली!! स्टर्मी-आर्चर, त्याखाली "ए बी", आणि बाजूला ५४ आणि ६. साखळीही आहे, पाऊण इंचाची, तिच्या टोकाला काहीच जोडलेलं नाही. हँडलवर एक खटका आहे, तो टकटक वाजतो, पण त्याची वायर मध्येच तुटलेली.


सुटे_भाग
रविवार, दुपारी १२:४८

मग तुमच्या तिन्ही कोड्यांची उत्तरं एकाच हबात आहेत.

एबी म्हणजे स्टर्मी-आर्चरचं तीन गिअरचं हब, त्यालाच डावीकडे ९० मिलिमीटरचा ड्रम ब्रेक. आतली यंत्रणा त्यांच्याच प्रसिद्ध एडब्ल्यू हबसारखी. ५४ ६ म्हणजे जून १९५४. ही तारीख हबची, सायकलची नव्हे, पण बाबांच्या सांगण्याशी जुळते. खुसपटरावांनी नोंद घ्यावी.

सायकल जड का? या हबाची वायर सैल पडली किंवा तुटली की आतली स्प्रिंग ते तिसऱ्या गिअरमध्ये ढकलते. पहिला गिअर पाऊण पट, दुसरा सरळ, तिसरा एक-तृतीयांशाने जास्त. म्हणजे वायर तुटल्यापासून ही सायकल कायम टॉप गिअरमध्ये चालतेय. आजोबा दुसऱ्यात चालवत असणार. नवी वायर घाला. खटका दुसऱ्यावर ठेवून उजव्या नटाच्या भोकातून बघा. साखळी ज्या बारीक दांडीत जाते तिचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर सपाट आला पाहिजे. इतकंच सेटिंग.

आता महत्त्वाचं. तुमचा तिसरा फोटो मोठा करून पाहिला. चपटी पट्टी खालच्या चिमट्याला बाइंडिंग वायरने बांधलीय. चिमट्यावर तीन-चार सेंटिमीटर पुढे रंग उडालेला गोल पट्टा दिसतोय, तिथे मूळची क्लिप होती. ती कुठेतरी पडली. जोवर तिथे नट-बोल्टची घट्ट क्लिप येत नाही, तोवर या सायकलवर बसू नका. चेष्टा नाही.

ब्रेक लागला की आतल्या शूजना (ड्रमला आतून घासणाऱ्या तुकड्यांना) चाक आपल्याबरोबर फिरवू बघतं. तो सगळा जोर ती पट्टी चिमट्यावर घेते. पट्टी सुटली तर शूज जिच्यावर बसतात ती ब्रेकची अख्खी थाळी चाकाबरोबर फिरणार, दांडी वाकणार, एक्सलचे नट ढिले होणार. तुमचा ब्रेक आज लागत नाहीये म्हणून ती तार टिकलीय.


मिरजकर_नातू
रविवार, दुपारी १:१०

बाप रे. काल संध्याकाळी याच सायकलवरून भाचीला डबलसीट फिरवून आणलंय. बहिणीला सांगत नाही.

तार मिस्त्रीने बांधली की आधीपासून होती ते कळायला मार्ग नाही. क्लिप कुठे मिळेल?


आटे_गेले
रविवार, दुपारी २:००

क्लिपसाठी वणवण करू नका. जाड पत्र्याची, नळीच्या मापाची पी-क्लिप हार्डवेअरवाल्याकडे मिळते, पाइप भिंतीला बसवायची. पातळ घेऊ नका, दीड मिलिमीटरच्या खाली नकोच. आत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला म्हणजे रंगही वाचेल आणि सरकणारही नाही. बोल्टला चेकनट लावा. पट्टी ब्रेक लागताना खाली ओढली जाते, तेव्हा क्लिपचं तोंड कुठल्याही दिशेला असलं तरी बोल्ट कसलेला हवा.

आता चाक अडकतंय त्याचं. मिस्त्रीने ब्रेक घट्ट केला असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं त्याने नुसती चेन ताणली. चेन ताणायची म्हणजे चाक मागे ओढायचं. चाक मागे गेलं, दांडी तेवढीच राहिली. मग हबावरचा छोटा दांडा आपोआप पुढे ओढला गेला, म्हणजे ब्रेक अर्धवट लागूनच राहिला. साध्या रॉड ब्रेकलाही हेच होतं. मागची रबरं रिमच्या आत असतात, चाक मागे घेतलं की रिमच येऊन रबराला टेकते. लोक मग रबरं तासत बसतात, नाहीतर दांड्या वाकवतात.

चाळीस वर्षं बघतोय, दांडीच्या ब्रेकवर जितका पाना चालवला जातो त्यातला निम्मा फुकट असतो. आधी चाक, मग ब्रेक. छर्रे आणि कोन (छर्रे दाबून धरणारा निमुळता नट) यांची खडखड काढा, तारा कसून रिमचा आउट (वाकडेपणा) काढा, चेनचा ताण ठरवा, एक्सलचे नट आवळा. मग दांडीला हात लावा. नंतर पुन्हा चेन ताणली तर ब्रेकही पुन्हा.


खुसपटराव
रविवार, दुपारी २:३०

नोंद घेतली. तरी माझ्या मते खटका नंतरचा असावा. पण असो.


नॉटिंगहॅमची_सून
रविवार, रात्री ९:१५ (इकडची दुपार)

धागा वाचून राहवलं नाही. नवरा ज्युबिली कॅम्पसमध्ये काम करतो. विद्यापीठाचा तो परिसर रॅलेच्या जुन्या कारखान्याच्या जागेवरच उभा आहे. शहरातली सायकलची बांधणी २००२ नंतर थांबली. सासऱ्यांच्या शेडमध्ये अशीच एक आहे, पुढेमागे दोन्हीकडे ड्रम, पुढच्या हबावर बीएफ लिहिलंय. सासरे तिला पावसाळी सायकल म्हणतात. इथे त्याला बाराही महिने चालतात.

ड्रमची गंमत पावसातच कळते. क्रोमची रिम भिजली की रबर नुसतं घसरतं, चाकाच्या फेऱ्यांनी पाणी पुसलं जाईपर्यंत काही होत नाही. ड्रम झाकलेला, त्याला पावसाचं काही नाही. वजन मात्र विचारू नका. शेडच्या पायरीवरून आम्ही दोघं मिळून उचलतो.

सुट्या भागांसाठी: स्टर्मी-आर्चर २००० साली तैवानच्या सनरेसने घेतली. ड्रमची हबं अजून बनतात, ७० आणि ९० मिलिमीटर. पण आजचे शूज १९५४ च्या थाळीत बसतीलच असं धरून पैसे घालवू नका, आधी माप घ्या.


उलटा_पेडल
रविवार, रात्री ९:४०

माघार. पट्टी दोघांनाही असते हे ठाऊक नव्हतं.

अवांतर: कोस्टरला पावसाचा त्रास नाही हे खरं, पण चेन पडली की ब्रेकही गेला. आणि लांब उतारावर ग्रीस तापून हबातून धूर आलेला मी स्वतः पाहिलाय. त्यानंतर पुढे हाताचा ब्रेक लावून घेतला.


गप्प_वाचक
रविवार, रात्री १०:३०

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. लहानपणी तासावर भाड्याने सायकल मिळायची, ब्रेक लागेल ती आधी जायची. उरलेल्यांना पुढच्या टायरवर चपलेचा तळवा. आटे_गेले काकांच्या यादीत टायरवर दाबणारा चमचा आला तेव्हा लक्षात आलं, आम्ही तो सगळ्यात जुना प्रकारच वापरत होतो, पॅरागॉन कंपनीचा.

पुण्यात असाल तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय बघा. या धाग्यात आलेले बरेचसे ब्रेक तिथे डोळ्यांनी बघता येतात.


बंगळूरचा_बंड्या
सोमवार, सकाळी ११:००

जाणकार जमलेत तर माझंही घुसडतो. जुनी प्यूजो (फ्रेंच सायकल) घेतलीय, माफाकचे ब्रेक आहेत. मधल्या वायरने दोन्ही हात ओढले जातात. लागतात उत्तम, पण आवाज! परवा ब्रेक मारला तर पुढचा रिक्षावाला हॉर्न समजून बाजूला झाला. दांड्यांचे नट सगळे आवळून झाले.


खुसपटराव
सोमवार, सकाळी ११:२०

नवा धागा काढा की.


सुटे_भाग
सोमवार, दुपारी १:०५

असू द्या हो, थोडक्यात सांगते. माफाकचं रबर आट्यांवर बसत नाही, गुळगुळीत दांडीवर बसतं आणि ती दांडी डोळ्याच्या बोल्टमधून जाते. म्हणून ते हव्या त्या कोनात फिरतं. हेच त्याचं वैभव आणि हीच डोकेदुखी. रबराचं पुढचं टोक, म्हणजे चाक ज्या दिशेला पळतं तिकडचं, मागच्या टोकापेक्षा आधी टेकलं पाहिजे, साधारण एक मिलिमीटरने. मागच्या टोकाखाली पुठ्ठ्याचा तुकडा घाला, लिव्हर दाबून धरा, नट आवळा, पुठ्ठा काढा. नट आवळताना रबर सोबत फिरतं, म्हणून दुसऱ्या हाताने रबर धरून ठेवा. दहापैकी आठ वेळा आवाज जातो. उरलेल्या दोन वेळा रबर सत्तर सालचं असतं आणि दगड झालेलं असतं. तेव्हा बदला.

आणि मधली वायर उगाच उंच बांधू नका, टायरला लागणार नाही इतपत जागा सोडून खाली असलेली बरी. वायर जितकी चपटी तितका जोर जास्त.


मिरजकर_नातू
बुधवार, रात्री ११:१०

काल सुट्टी टाकली आणि हब उघडलं.

नट काढला, चेकनट काढली, थाळी ओढली तर शूजसकट अख्खी हातात आली. थाळीवर दोन अर्धचंद्र, एका टोकाला खिळीवर टेकलेले, दुसऱ्या टोकाला मध्ये एक चपटा तुकडा. छोटा दांडा फिरवला की तो तुकडा आडवा होतो आणि अर्धचंद्र फाकतात. इतकं साधं! दोन स्प्रिंगा त्यांना परत आत ओढतात.

वास मात्र न्हाणीघरातला. शूजवर पिवळट मेणचट थर, बोटाला चिकटणारा, नखाने खरवडला तर वडी निघावी तसा निघाला. बाबांना विचारलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. शेवटी कबूल केलं की हबाच्या वरच्या छोट्या टोपीतून त्यांनी "जरा" तेल सोडलं होतं. कोणतं? घरात होतं ते.

खोबरेल.

म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली. गिअरमधून वाहत ड्रममध्ये आलं आणि थंडीत गोठलं. आता काय करू? शूज फेकायचे?


आटे_गेले
गुरुवार, सकाळी ६:०५

बाबांना दोष देऊ नका. त्यांनी निदान तेल घातलं. बाकीच्यांच्या हबात काहीच नसतं.


सुटे_भाग
गुरुवार, सकाळी १०:१५

फेकू नका. पण सगळ्यात आधी: त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये (शूजवरच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रममधली पूड तोंडाने फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कोरडी घासूही नका. ओल्या फडक्याने पुसायची, ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं. तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लावा.

लायनिंग आणि ड्रमचा आतला भाग स्पिरिटने धुवा. इथे रॉकेल नको, त्याचा तेलकटपणा मागे राहतो. धुतल्यावर लायनिंग काचेसारखं चकचकीत दिसलं तर पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर वरवर फिरवा, चमक जाईपर्यंतच. तेल आतपर्यंत मुरलं असेल तर धुऊनही पुन्हा पाझरतं. तसं झालं तर स्कूटरच्या ब्रेक शूजना लायनर चिकटवून देणारे कारागीर असतात, त्यांच्याकडून याच शूजना नवं लायनर लावून घ्या. जुने शूज जपून ठेवण्यासारखे आहेत, लायनर नव्हे.

गिअरच्या बाजूला गोठलेलं खोबरेल पातळ तेल घालून फिरवत फिरवत काढावं लागेल. चाक उजवीकडे कलतं ठेवा म्हणजे घाण ड्रमकडे येणार नाही. नंतर टोपीतून शिलाई मशीनच्या तेलाचे सात-आठ थेंब. थेंब. आणि उजव्या बाजूच्या कोनला हात लावू नका, छर्ऱ्यांची खडखड काढायची ती डाव्या कोनवरून.


मिरजकर_नातू
रविवार, संध्याकाळी ७:४५

धुतलं, घासलं, बसवलं. क्लिप पी-क्लिपच, आत ट्यूबचा तुकडा. गिअरची वायर घातली, दुसरा गिअर लागला आणि सायकल अक्षरशः हलकी झाली. बाबा ओसरीवरून बघत होते, म्हणाले, "अशीच होती."

ब्रेकही लागतो, पण पूर्ण नाही. आणि चाक फिरवलं की एकाच जागी सुर्रर्र असं घासतं.


आटे_गेले
रविवार, रात्री ८:३०

थाळी मध्यावर बसली नाही. डाव्या बाजूचा नट आणि चेकनट किंचित ढिली करा, थाळी जेमतेम हलेल इतकीच. आता घरातल्या कुणाला तरी लिव्हर जोरात दाबून धरायला सांगा. शूज ड्रममध्ये फाकतात आणि थाळीला आपोआप मध्यावर आणतात. लिव्हर न सोडता चेकनट आणि नट आवळा. मग सोडा. हे एकट्याने होत नाही. आमच्याकडे दुकानात हे काम बारक्याचं असायचं आणि तो नेमका चुकीच्या वेळी लिव्हर सोडायचा.

त्यानंतर दांडीच्या टोकाचा नट. चाक फिरवत आवळत जा, घासल्याचा आवाज आला की थांबा आणि आवाज जाईपर्यंत मागे या. झालं. तिथून पुढे अर्धा फेरा घट्ट करायचा मोह होतो, तो करू नका.

शेवटचं बघा: लिव्हर पूर्ण दाबल्यावर हबावरचा छोटा दांडा आणि ओढणारी दांडी यांच्यात साधारण काटकोन व्हायला हवा. दांडा त्याच्याही पुढे झुकत असेल तर कितीही दाबा, जोर वाया जातो. लायनिंग झिजलं की असं होतं. तेव्हा दांडी आखूड करून भागत नाही, लायनर नवंच लागतं.


मिरजकर_नातू
सोमवार, रात्री ९:५०

लिव्हर आईने धरलं. सोडलं नाही. बारक्यापेक्षा चांगलं काम झालं.

गल्लीत वीस-पंचवीस वेळा ब्रेक मारत फेऱ्या घातल्या, दर चार-पाच वेळांनी जोर वाढल्यासारखा वाटत होता. आता एका हाताने मागचं चाक जागच्या जागी थांबतं. दांडा काटकोनाच्या थोडा अलीकडे आहे.

आता फक्त पुढचा उरलाय. रबर दर फेरीला एकदाच, ठराविक जागी टेकतं. चाक समोरून बघितलं तर अजिबात डुलत नाही, अगदी सरळ. मग घासतं कशाने?


आटे_गेले
मंगळवार, सकाळी ५:५०

समोरून बघू नका, बाजूने बघा. कॅलिपरला रिम डावी-उजवी डुललेली चालत नाही. रॉड ब्रेकला ती वर-खाली उडालेली चालत नाही, कारण रबर पोटाला लागतं. हल्लीची पोरं फक्त डुलणं काढतात, उडणं काढतच नाहीत.

खडू घ्या, चिमट्याला हात टेकवून रिमच्या पोटाजवळ स्थिर धरा आणि चाक सावकाश फिरवा. खडू जिथे लागेल तिथे रिम आत हबाकडे दबलीय. तिथल्या दोन्ही बाजूंच्या तारा सारख्या सैल करा, पाव फेरा, एकेक. समोरच्या बाजूला जितकं सैल केलं तितकं कसून घ्या. पोटात दगडाचा ठोका बसलेला असेल तर तारांनी जाणार नाही, तो लाकडी हातोडीने. टायर उतरवून.

रबर आणि रिममध्ये दोन-तीन मिलिमीटर ठेवा. दांडीच्या प्रत्येक सांध्यावर तेलाचा एकेक थेंब. नारळाचं नको.


मिरजकर_नातू
मंगळवार, रात्री १०:२०

खडू लागला. वॉल्वपासून पाचवी तार. बाहेरून काही दिसत नव्हतं, टायर उतरवल्यावर बोटाला खड्डा लागला. बाबांना दाखवला. ते म्हणाले, मिरज जंक्शनच्या फाटकात १९७१ ला बसलेला आहे तो, मागे मीच होतो कॅरिअरवर.

हातोडी ठेवून दिली. तेवढ्यापुरतं रबर एक मिलिमीटर खाली घेतलंय, आता टेकत नाही. चालेल ना, काका?


आटे_गेले
बुधवार, सकाळी ६:००

चालेल. लिव्हर थोडं जास्त दाबावं लागेल एवढंच.


खुसपटराव
बुधवार, सकाळी ९:१०

मांजर कसं आहे?